जांभळाची शेवटची बाटली

किहीमच्या एका नारळाच्या वाडीतला बंगला अनंता राखतो. झाडांना पाणी, नारळ पाडून घेणं, मालक मुंबईहून यायचे म्हणजे खोल्या झाडून ठेवणं. कामाला चोख, बोलायला कंजूष. पूर्वी त्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि धाकटा भाऊ सदा तर त्याच्यावर कडी करायचा.

मालक हौसेने वाइन घालतात ते बघून गेल्या साली अनंताने घरी जांभळाची वाइन घातली. हौसेला मोल नसतं. स्वतः तो थेंबाला शिवत नाही, पोटात जळजळतं; चाखायला सदा होताच. सदाने दोन पेले घेतले, "दादा, चढली रे," म्हणत आळीभर झोकांड्या दिल्या, दारोदार हाका मारल्या आणि तसाच समुद्रात उतरला. पट्टीचा पोहणारा माणूस. आला तो भरतीबरोबर, मेलेला.

झोकांड्या साऱ्या गावाने पाहिल्या होत्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही. सदाची बायको नलू सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या बाटलीने खाल्लं त्याला." त्यानंतर भिंतीला भिंत लागून घर असूनही ती अनंताशी बोलली नाही.

सदा मात्र बोलायचा थांबला नाही. भरदुपारी माडाच्या आळ्यात पाणी सोडलं आणि बुडबुडे आले, की अनंताच्या कानाशी आवाज यायचा, "दादा, चढली रे." वर हसायचा. अनंताने अंगारा लावला, नारळ वाढवला, मच्छी सोडली. सदा काही जाईना.

बरणी अनंताने तेव्हाच ओतून टाकली होती. माळ्यावर एक बाटली तेवढी राहिली. यंदा मालकांनी वाइनमधली दारू मोजायची काचेची नळी आणली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, जुन्या बाटलीचं कळेल का? मालकांनी युक्ती सांगितली. आधी वाइनमध्ये नळी तरंगवायची, कुठे थांबते ते बघायचं. मग तीच वाइन उकळून निम्मी करायची, म्हणजे दारू उडून जाते. गेली तेवढी जागा पाण्याने भरायची, निवली की पुन्हा नळी सोडायची. दारू जेवढी होती, तेवढी नळी वर येते.

दोन पेल्यांत माणूस बुडावा इतकी ती कडक नव्हती, एवढंच अनंताला नलूला दाखवायचं होतं. त्याने तिला बोलावणं धाडलं. ती आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

अनंताने बाटलीतल्या वाइनमध्ये नळी सोडून खूण बघून ठेवली. मग टोप चुलीवर चढला. वास सुटला तो पाकाचा. पाणी भरून, निववून अनंताने नळी सोडली. ती डुलली, फिरली आणि आधीच्याच खुणेवर थांबली. त्याने पुन्हा सोडली. केसभरही वर नाही.

मग त्याला आठवलं. कोकम सरबताची सवय, म्हणून त्याने रस भरमसाट साखर घालून उकळला होता आणि चुलीवरून उतरवल्या उतरवल्या कढत रसातच आंबवायचं यीस्ट टाकलं होतं. ते तिथेच मेलं असणार. सदा प्यायला ते सरबत होतं.

सुटलो, असं त्याला वाटलं. पण क्षणभरच. सरबत पिऊन माणूस झोकांड्या कशाला देईल? तेही दारोदार, सगळ्यांना दिसतील अशा? सदाला ठाऊक होतं आपण कुठे चाललोय. मागे कुणी नलूला बोल लावू नये, तिनेही स्वतःला लावू नये, म्हणून जाताना त्याने बाटलीचं नाव पुढे करून ठेवलं होतं. दादा सोसेल, एवढं तो धरून चालला होता.

"काय निघालं?" नलूने विचारलं. नळी तिला वाचता येत नव्हती.

अनंताने नळी काढली, पंच्याला पुसली.

"कडक व्हती," तो म्हणाला. "लय कडक. माझीच चूक, नलू."

"मी म्हणतच व्हते," ती म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत घरी गेली.

अनंताने टोपातलं बोटभर चाखलं. नुसतं गोड होतं. मागून सदा हसला, आणि या खेपेला अनंता त्याला जा म्हणाला नाही.