कमरबीच्या दंडावरची देवी

अंबड तालुक्यातल्या त्या गावात कमरबी मनेरणीला जी मुभा होती, ती निजामाच्या तहसीलदारालाही नव्हती: कुणाच्याही सुनेचा हात धरायची. वीस वर्षं ती घरोघर बांगड्या भरत होती. अंगठ्याच्या हाडावरून काच सरकवताना बायका डोळे मिटून घेत, आणि कमरबी भलतंच काहीतरी विचारून त्यांना हसवी.

त्या वर्षी शेजारच्या वडीगोद्रीला देवीची साथ आली. मागोमाग देवीची लस टोचणारा सरकारी माणूस बदरोद्दीन गावात उतरला आणि घरोघरची दारं लागली. मराठ्यांच्या आळीत म्हणत, टोचलं की देवी कोपते. मोमिनांच्या आळीत म्हणत, टोचलेल्या पोरीला मूल होत नाही. एरवी या दोन आळ्यांचं पाण्यावरूनही पटत नसे. इथं मात्र गळ्यात गळा.

कमरबीचा जीव अडकला होता दुर्गाबाईच्या पोरीत. दुर्गाबाईचा थोरला भुजंग दोन वर्षांपूर्वी देवीनंच गेला होता. आता ही एकुलती एक पोर, आणि आई तिला बदरोद्दीनच्या वाऱ्यालाही उभी करत नव्हती.

बदरोद्दीननं शक्कल काढली. "खाला, तुम बांगडी के बहाने हात पकडो. मैं झट से टोच देता."

"वा रे शाने!" कमरबी भडकली. "औरतां आंखें मूंदके हात देते मेरेकू. उनकू धोका देऊं? पहले मेरेकू टोच!"

आणि भर चावडीसमोर तिनं बाही वर केली.

मग ताप चढला, दंड सुजला, बांगड्यांची टोपली कोपऱ्यात पडली. दुर्गाबाई रोज येई आणि बाजारात वांगं पाहावं तसा दंड दाबून पाही.

"हात सुजून राह्यला. मरता बगा तुमी, चाची."

"मेले तर तुला बांगड्या कोन भरंल? न्हाई मरत!" कमरबी कण्हत म्हणे. मनातून मात्र ती पुरती घाबरली होती.

आठव्या दिवशी फोड टपोरा झाला. दुर्गाबाईनं चटकन फोडाला हात जोडले. "आली की वो देवी! पन येवढीशीच?"

"येवढीशीच. आता खपली धरंल अन् जाईल."

दुर्गाबाई रोज येऊन फोड निरखत राहिली. खपली धरली त्या दिवशी ती पोरीला काखेत घेऊन आली आणि बदरोद्दीनला म्हणाली, "टोचा. पन हात चाचीच धरंल."

पोर अशी किंचाळली की दोन्ही आळ्या दारात आल्या. दुर्गाबाई जागची हलली नाही. तिची नजर कमरबीवर होती.

"मह्या भुजंगाच्या वक्ताला का न्हाई वो टोचून घेतलं तुमी?"

कमरबीचे डोळे भरून आले, पण पोरीचा हात तिनं सोडला नाही.