सोंडेआडचं हसू

माझ्या लेकीची अख्खी पहिली आणि निम्मी दुसरी तिच्या बापाच्या मोबाईलमध्ये झाली. नवऱ्याची शिफ्ट लागली की शाळा त्याच्या खिशात बसून नागोठण्याला जायची. तरी पोरगी खूश होती. मोबाईलमधल्या बाई सारख्या हसायच्या. दिवाळीनंतर शाळा खरोखरची उघडणार असं कळलं आणि ती हटूनच बसली. नाय जायची म्हणजे नाय जायची.

माझा राग कायम नाकावर. नवं दप्तर दाखवून झालं, डब्यात रोज नारळाची वडी कबूल करून झाली, शेवटी एक धपाटाही घालून झाला. नवरा म्हणाला, करोनाला घाबरत असेल. डोंबलाचा करोना! खाली पडलेलं बोर फ्रॉकला पुसून तोंडात टाकणारी बया ती. रडून रडून थकली तेव्हा तिनेच खरं काय ते सांगितलं.

"बाईंच्या तोंडावर मास्क असणार. त्या हसतायत का रागावल्यात, मला कसं कळणार?"

घरात माझ्या तोंडाकडे बघूनच ती पुढचं पाऊल टाकायची, तिचं तरी काय चुकलं?

हमरापुरात आमचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींचे डोळे मी काढते, त्याला आम्ही आखणी म्हणतो. तेव्हा माघी गणपतींचं काम चालू होतं. पोरीला एका मूर्तीसमोर बसवलं आणि विचारलं, बाप्पा हसतोय का गो? म्हणाली, व्हय. म्हटलं, तोंड दिसतंय? तिने वाकून पाहिलं. तोंड सोंडेआड. मग तिला दाखवलं, हसू आलं की खालची पापणी जराशी वर येते, राग आला की भुवया जवळ येतात.

मग काय, खेळच सुरू झाला. मास्क लावून मी हसायचे, डोळे वटारायचे, तिने ओळखायचं. माझा खोटा राग तिने पहिल्याच फटक्यात पकडला. रात्रपाळी करून आलेल्या बापाला मास्क लावून उभा केला, तर म्हणे, बाबा उभ्याउभ्या झोपलेत. तेही बरोबरच होतं.

पहिल्या दिवशी तिला शाळेच्या फाटकाशी सोडून कारखान्यात आले. हातात ब्रश धरला, पण आखणी काही केली नाही. पोरीने भोकाड पसरलं असेल का, हेच मनात. लक्ष शाळेत ठेवून डोळे काढले असते तर देव तिरळा झाला असता.

दुपारी ती उड्या मारत आली. विचारलं, हसत होत्या ना बाई? नाय म्हणाली. म्हटलं, मग रागावल्या होत्या?

"नाय गो आई, घाबरल्या होत्या. कुणी शिंकलं की डोळे एवढे मोठे व्हायचे."

"मग तू काय केलंस?"

"मी मास्कातनंच हसले, डोळ्यांनी. मग त्यांची पण खालची पापणी वर आली."

मी पटकन मूर्तीकडे तोंड फिरवलं. पण ती पुढे येऊन माझ्या डोळ्यांत बघायला लागली. आता तिच्यापासून काही लपवायची सोय राहिली नव्हती.