बिनशिव्यांचा घाट

यवतेश्वरचा घाट पळत चढताना मी शिव्या देते. "मुडदा बशिवला ह्या वळणांचा!" इथून सुरुवात, मग पाळी फौजींची. फौजी म्हणजे माझा नवरा. सैन्यातनं निवृत्त झाल्यापासून पाण्याचा कॅन घेऊन स्कूटरवर माझ्या मागं असतात. सगळं निमूट ऐकून घेतात आणि शिव्यांच्या जोरावरून माझ्यात किती दम उरलाय ते ओळखतात.

मध्ये माझं मन असं खचलं की अंथरूण सोडवेना. गोळ्या सुरू झाल्या. मन सावरलं, पण पाय? पहिल्याच वळणावर आतनं कुणीतरी म्हणायचं, बास. गोळी बदलून द्या म्हणून मी साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंपाशी हट्टच धरला. त्यांनी गोळी बदलली आणि मला नि फौजींना, दोघांनाही बजावलं, "ह्या गोळीनं थकवा उशिरा जाणवेल. अंग तापलं तरी मेंदू थांब म्हणणार नाही. उन्हात पळायचं नाही." मी ऐकलं ते एवढंच, की थकवा जाणवणार नाही.

एप्रिलातल्या त्या रविवारी निघायलाच उशीर झाला. ऊन चढलं होतं. "आज ऱ्हाऊ दे," फौजी म्हणाले. मी ऐकते कुठली! आणि काय सांगू, पाय आपोआप उचलत होते. लय दिवसांनी मला माझं पळणं परत मिळालं होतं.

मागून आवाज आला, "आज शिव्या न्हाईत व्हय गं?"

मी वळूनही बघितलं नाही. तशी स्कूटर पुढं येऊन आडवी झाली. असा संताप आला मला! फौजींनी माझा दंड धरला. भर उन्हात अंगावर काटा आला होता आणि घामाचा टिपूस नव्हता.

"एक शिवी दे. मग जा."

हात्तिच्या, एवढंच ना! मी तोंड उघडलं. शब्दच सापडेना. जीभ नुसती वळवळली. फौजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला झाडाखाली आडवं केलं, अख्खा कॅन अंगावर रिकामा केला आणि घाट उतरणारी एक जीप हात जोडून थांबवली. "बोल की गं, बोल," एवढंच वाटेत ऐकू येत होतं.

दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं. फौजी उशाशी उभे. खाली माझे बूट, चिंब.

"मुडदा बशिवला तुमचा," मी म्हणाले, "नवे बूट भिजवले की माझे!"

फौजी मटकन खाली बसले. "दे," म्हणाले, "आजून दे," आणि हमसून हमसून रडायला लागले.