बेटाचे अर्थमंत्री

जगातल्या कुठल्याही देशाचा अर्थमंत्री दुसऱ्यांच्या बॅगांवर डोळा ठेवून कारभार चालवत नसेल. आमच्या शारजातल्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे चाचा मात्र तसाच चालवायचे. त्यांचा देश म्हणजे रत्नागिरीकडच्या एका खाडीतलं होडीनेच गाठायचं बेट. त्याला ते सरळ ‘आमचा देश’ म्हणत. या देशात खातं एकच, एसी-फ्रीज दुरुस्ती शिकवणारा वर्ग, आणि त्याचे चाचा स्वयंघोषित अर्थमंत्री. तरुणपणी ते इथे आले तेव्हा अंगात कुठलंच कसब नव्हतं. कितीतरी वर्षं हेल्पर म्हणून दुसऱ्यांची अवजारं उचलण्यात गेली. आता औद्योगिक क्षेत्रात त्यांचं स्पेअर पार्टचं बऱ्यापैकी दुकान होतं. पण बेटावरच्या पोरांनी हातात काम घेऊन घरीच राहावं, आखाताच्या नोकऱ्या लावणाऱ्या एजंटच्या दारात बसू नये, हा ध्यास काही सुटला नव्हता.

वर्गणी या प्रकारावर त्यांचा विश्वास नव्हता. “पैसे मागितले की माणूस शंभर प्रश्न विचारतो,” ते म्हणायचे, “किलो मागितले की एकच विचारतो, किती?” म्हणून इमारतीतलं कोणी भारतात निघालं की चाचा काटा घेऊन हजर. आमच्या मुलीने दार उघडलं तर ती आत ओरडायची, “बाबा, अंकल इज हिअर फॉर द किलोज.” मग आईसाठी घेतलेले बदाम बाहेर निघत आणि त्या जागी गेज, पाइप कापायचं कटर, मल्टिमीटर जाऊन बसत. एकदा पुण्यात माझ्या बॅगेतून व्हॅक्युम पंप निघाला, तेव्हा सासूबाईंनी तो भेट समजून शोकेसमध्ये ठेवला. तो सोडवून आणायला चाचांचा भाचा बेटावरून पुण्यात आला आणि सासूबाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मास्तरांचा पगार चाचा दुकानाच्या गल्ल्यातून द्यायचे, आणि कमी पडलं की ईदच्या बिर्याणीतून. बिर्याणी अशी, की आमच्या शाकाहारी शेजाऱ्यांनाही वासाने अस्वस्थ व्हावं. पानं उचलली की चाचा उभे राहून अंदाजपत्रक मांडायचे. “एसीत भरायच्या गॅसचा सिलिंडर तीनशे दिरम, म्हणजे आपले सात हजार,” असं म्हणत प्रत्येकाकडे बघायचे. पोट भरलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दर वर्षी आम्ही सगळे जायचो, तेही वेळेआधी.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. वर्षानुवर्षं किलोकिलोने पोचवलेली सगळी यंत्रं मांडली, आणि एकाचाही प्लग भिंतीत जाईना. इथल्या प्लगांच्या पिना चौकोनी, तिथली भोकं गोल. वायरमन म्हणाला, प्लग कापून नवे लावू. चाचांना धडधाकट प्लग कापणं काही बघवेना. त्यांनी इथूनच सॉकेट नेले, अर्थातच आमच्या बॅगांतून, आणि वर्गाच्या भिंती दुबईच्या करून टाकल्या. पोरांना घरी ठेवण्यासाठी काढलेला वर्ग आपण आखातासारखा सजवतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आम्हीही बोललो नाही.

होडीने येऊन शिकवणारा बाहेरचा कुठलाच मास्तर फार दिवस टिकत नव्हता. शेवटी वर्गात शिकून तयार झालेला बेटावरचाच एक जण मास्तर झाला, आणि चाचांची छाती फुगली. त्याच मास्तरांनी गेल्या वर्षी दुबईत, अल क्वोजच्या एका कंपनीत अर्ज केला, आणि ओळखीचा म्हणून चाचांचाच नंबर दिला. घरात दोन मुली, आजारी वडील. चाचा देत त्या पगारात भागेना. चोरून काही केलं नाही, रडत रडत चाचांना फोनवर सांगितलं. ते आले तर वर्गाला कुलूप लागणार, हे दोघांनाही कळत होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी चाचा आमच्याकडे चहाला बसले होते, तेव्हा त्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. तो केरळचा, हिंदीत विचारत होता, माणूस कसा आहे, काम येतं का. चाचांनी कप खाली ठेवला. माझी बायको किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. ‘थोडा कच्चा आहे’ एवढं म्हटलं असतं तरी वर्ग वाचला असता. मला तर ते त्यांनी म्हणावं असंच वाटत होतं.

“साहब, ऐसा आदमी आपको नहीं मिलेगा,” चाचा म्हणाले. “मैंने खुद तैयार करवाया है.”

त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. न राहवून मी म्हणालो, “चाचा, आता वर्गाचं काय?”

“खलास,” ते म्हणाले. “खोटं बोललो असतो तर त्या वर्गात मी शिकवलं काय, असं झालं असतं.”

चहा तसाच ठेवून ते उठले. दाराशी चपला घालताना बायकोला म्हणाले, “वहिनी, शेजारी अजमानला एखादी स्वस्त खोली कळली तर सांगा. त्याला इथलं काही माहीत नाही, एकटा पडेल.”

मास्तर आले त्या दिवशी चाचा विमानतळावर दोन तास आधी जाऊन उभे होते.