चपलेत हात घालणारी

दर मंगळवारी सकाळी पाचोऱ्यात आमच्या घरी एक परिचारिका येते. तिचे नाव मी कधी विचारले नाही. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. तिच्या तळपायांची संवेदना गेली आहे आणि गेल्या वर्षी जळगावला तिच्या पायाचे एक बोट कापावे लागले. पुढे पाऊलच कापावे लागू नये, यासाठी ही बाई येते.

ती जमिनीवर बसते, पाऊल मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्या निरखते. मग चपलेत हात घालून आतून चाचपते. घरात अनवाणी फिरू नकोस, हे मी वीस वर्षे सांगितले; ते वाया गेले. हिने एकदा सांगितले आणि चप्पल पायातून सुटेना. मंगळवारी पत्नी पाय धुऊन, पुसून वाट पाहत बसते. मला त्या बाईचा हेवा वाटतो, हे मान्य करतो.

मागच्या महिन्यात चपलेत बाभळीचा काटा सापडला. टोक आत आले होते. पत्नीला पत्ताच नव्हता.

"आबा, जखम झाल्यावर पट्टी कोणीही बांधेल," परिचारिका मला म्हणाली. "खरं काम त्याच्या आधीचं. बाकीचे सहा दिवस कोण बघतं?"

"त्यास्ले पेपरपुढे येळ कोठे शे?" पत्नीने तिच्या अहिराणीत परस्पर उत्तर दिले; पेपर वाचण्यापुढे मला वेळ कुठे आहे, असे तिचे म्हणणे.

दुसऱ्या दिवसापासून चपलेत हात मी घालतो. पाऊल मांडीवर घेतो. पत्नी ते पुढे करते आणि रोज म्हणते, "बाईना हात हलका शे." म्हणजे हलका हात त्या बाईचा, माझा नव्हे.

संवेदना नसलेल्या पायाला ते कसे कळते, हे मी विचारलेले नाही.