चावीवाल्याचा खडू

पहाटे चारला कोंडूचा दिवस सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. पुण्याकडे जाणारी मालगाडी चाळीमागून धडधडत गेली की तो उठायचा. गाडी उशिरा आली तरी हा चारलाच उठून बसलेला असायचा, आणि मग गाडीवर चिडायचा.

कामशेत स्टेशनाच्या जरा अलीकडे रूळ सांभाळणाऱ्या रेल्वेच्या गँगची चाळ होती. कोंडू तिथं चावीवाला. रूळ स्लीपरला धरून ठेवतात त्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सुटत जातात. त्या रोज चालत तपासायच्या, हे त्याचं काम. मळवलीच्या बाजूला जाताना एक रूळ, येताना दुसरा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, लाल-हिरवे झेंडे आणि खडूचा तुकडा. हातोडा लावला की चावी स्वतःच बोलते. घट्ट असली तर खणकन, सैल असली तर भद्द. घट्ट चावीला उगाच मारायचं नाही. हात दुखतो आणि काम होत नाही. सैल असेल ती ठोकायची, शेजारी खडूची रेघ ओढायची, आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ आधी बघायची. काल ठोकलेली चावी आज टिकली का, हे बघितल्याशिवाय काम झालं असं कोंडू कधी म्हणाला नाही. अकरा वर्षं त्यानं हेच केलं.

तो बेडसे गावाच्या वरच्या वाडीतला. वाडीत शाळा नव्हती, म्हणून त्याला अक्षर येत नव्हतं. मुलगी शालन मात्र हायस्कुलात नववीपर्यंत गेली होती. तिच्याआधी वाडीतली एकही पोर तिथवर पोचली नव्हती.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात शालननं प्रगतिपुस्तक आणून बापापुढे ठेवलं. कोंडूला आकडे वाचता आले नाहीत. पण दोन आकड्यांखाली लाल शाईच्या रेघा होत्या, आणि लाल रंगाचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कशात?"

"गणितात आन् इंग्रजीत."

"म्हंजे नापास."

शालननं मान हलवली.

"रोज दिवेलागणीपास्नं जेवणापत्तुर वाचत हुतीस. मी ह्या कानांनी ऐकलंय. वाचत हुतीस का न्हाई?"

"व्हय."

"मंग हे कसं झालं?"

"ठाव न्हाई."

त्या 'ठाव न्हाई'नं कोंडूचं डोकं फिरलं. एखादी चावी उडाली आणि साहेबानं विचारलं, तर चावीवाल्यानं 'ठाव न्हाई' म्हणायचं? त्यानं प्रगतिपुस्तक भिंतीवर भिरकावलं आणि बाहेर जाऊन बसला. आत त्याची बायको हिरी म्हणाली, "बास झाली शाळा. माझ्या भावानं जागा बघून ठेवलीय. पोरगा रस्त्याच्या कामावर मुकादम हाय."

"तुझ्या भावाला म्हनावं, तूच जा त्याच्याकडं नांदायला," कोंडू बाहेरून ओरडला.

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून शाळेत गेला. हेडमास्तरांनी वर न बघता सांगितलं, "नापास झालेल्याला फीची सवलत नाही. नववी पुन्हा करायची तर पूर्ण फी. आणि परत नापास झाली तर नाव काढून टाकू." मग चष्मा पुसत म्हणाले, "खरं सांगू का, तुमच्या लोकांत मुलीला नववी म्हणजे पुष्कळ झाली."

"पूर्न फी भरतो," कोंडू म्हणाला, आणि नमस्कार न करता निघाला.

गँगचा मुकादम भिमाजी हसला. "कोंडू, पोरीला काय स्टेशनमास्तर करतोस?"

"तू तुझा रूळ बघ," कोंडू म्हणाला.

त्या संध्याकाळी शालन उंबऱ्यात कंदील घेऊन बसली आणि भूगोल वाचायला लागली. आवाज खणखणीत. "गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते..." कोंडू विडी ओढत ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची विडी हातातच विझली. पुढचं वाक्य शालनच्या आधी त्याच्या तोंडून बाहेर पडलं. त्याच्या पुढचंही. सगळा परिच्छेद त्यानं एका दमात म्हटला, पैठणपासून राजमहेंद्रीपर्यंत.

हिरी चुलीपुढून बघतच राहिली. शालन खुदकन हसली.

"दात काढू नगंस!" कोंडू कडाडला. "मला अक्षर येत न्हाई आन् हे मला पाठ हाय. म्हंजे वर्सभर तू हेच बडवत हुतीस. घट्ट चावी! लोक म्हनतील, काय ठोकतीया पोर! ठोकतीया कुटं, तर घट्ट हाय तितं. गणित काढ."

"गणित वाचून येत न्हाई, आबा."

"म्हनून तर काढ."

गणिताचं पुस्तक उघडलं तसा तिचा आवाज बसला. भद्द. कोंडूनं पिशवीतला खडू काढला आणि पुस्तकाच्या कडेला रेघ ओढली. पान चुरचुरलं.

"पुस्तक घान करताय!"

"करतो. उद्या आदी हीच रेघ."

"तुमाला वाचता येत न्हाई. तुमी काय शिकिवनार?"

"शिकवत न्हाई. ऐकतो."

तेव्हापासून शालनचाही दिवस चारला सुरू झाला. कामावर निघायच्या आधी कोंडू अर्धा तास तिच्यासमोर बसे. पुस्तक मिटून म्हणायचं, हा नियम. जिथं अडखळेल तिथं ती बोट दाखवायची, तो रेघ ओढायचा. पाठ आहे ते वाचायला बंदी. शालन चिडायची, रडायची, एकदा तिनं खडू चुलीत टाकला. कोंडूनं दुसरा आणला. त्याला तिच्या रडण्याचं काही वाटलं नाही. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन तो रूळ बघत फिरायचा तेव्हा त्याला रडू येतं का, असं कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी रेघा कमी होत गेल्या. इंग्रजीची क्रियापदं ती धडाधड म्हणायची. "गो, वेंट, गॉन. ब्रिंग, ब्रँग, ब्रंग." आवाज कुठं दबत नव्हता. कोंडूनं हिरीला सांगितलं, "बसली घट्ट."

सहामाहीचे पेपर हातात आले. गणित लाल. इंग्रजी लाल.

कोंडू संतापला. त्यानं पेपर जमिनीवर आपटले. "ते बिरिंग, बरंग का काय ते. मला तर घट्ट लागलं!"

शालननं खाली बघितलं. "ते चूक हुतं."

"तुला ठाव हुतं?"

"येत नव्हतं ते मी मोठ्यांदा म्हनायची."

"का?"

"रेघ नको म्हनून. रोज रेघ, रोज रेघ! आन् तुमाला काय कळनार हाय?"

हिरीला वाटलं, आता हा पोरीला मारतो. कोंडूनं मारलं नाही. दोन दिवस तो पहाटे शालनसमोर बसलाच नाही. पोर खोटं बोलली याचा राग होताच. पण आपल्या कानाला कुणीतरी फसवलं, याचा जास्त होता. त्या कानावरच त्यानं अकरा वर्षं पगार घेतला होता.

तिसऱ्या दिवशी उजाडताना तो म्हणाला, "दप्तर घे. चल."

रुळाच्या कडेच्या पायवाटेनं पोरं शाळेला जायचीच. शालन पायवाटेवर, कोंडू रुळात. "मी मारतो, तू सांग," तो म्हणाला. खणकन. "घट्ट." खणकन. "घट्ट." भद्द. "सैल." कोंडूनं ठोकली, रेघ ओढली. असं वीस-पंचवीस चाव्यांपर्यंत चाललं. मग एक चावी ना धड खणकन वाजली, ना धड भद्द. शालन क्षणभर थांबली आणि मोठ्यांदा म्हणाली, "घट्ट!"

कोंडूनं हातोडा खांद्यावर टाकला आणि पुढे चालू लागला.

दहा पावलं गेल्यावर शालन थांबली. "आबा, ती सैल वाटली."

"मलाबी."

"मंग ठोकली का न्हाई?"

"तू घट्ट म्हनलीस."

"गाडी यील की!"

"यील."

"आवं, मागं फिरा! आबा, मागं फिरा म्हनते ना!" ती ओरडली. गेल्या सहा महिन्यांत ती बापावर इतकी चिडली नव्हती. कोंडू वळला. गाडीला अजून अवकाश होता, हे त्याला माहीत होतं. नाहीतर तो एक पाऊलही पुढे गेला नसता. त्यानं ती चावी चार घावांत बसवली, आणि खडू रेघ न ओढताच शालनच्या हातात दिला.

"घरी बी तूच ओढ. मी ऐकनार न्हाई हितनं पुढं."

शालननं वाकून स्लीपरवर रेघ ओढली आणि शाळेची वाट धरली. खडू तिच्याकडंच राहिला.

पुढच्या महिन्यांत गणिताच्या पुस्तकाची पानं खडूनं पांढरी झाली. शालन स्वतःला पकडायला शिकली, आणि बापापेक्षा ती जास्त कडक निघाली. जिथं मनात शंका यायची तिथंही ती रेघ ओढायची. मधल्या सुट्टीत रेघा घेऊन गणिताच्या मास्तरांपुढं उभी राहायची. मास्तर वैतागायचे, "अगं, मला डबा तरी खाऊ दे." ती डबा संपेपर्यंत तिथंच उभी राहायची. कोंडू पहाटे समोर न बसता दाराबाहेर हातोड्याचा दांडा घासत बसे. आतून आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. तो आत डोकावला नाही.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. गणितात अडतीस, इंग्रजीत एक्केचाळीस. लाल रेघ कुठंच नव्हती.

हेडमास्तर म्हणाले, "बघा, मन लावलं की होतं."

"मन मागच्या सालीबी हुतं, सायेब," कोंडू म्हणाला. "तुमी मात्र नाव काडाय बसला हुता."

हेडमास्तरांनी वर बघितलं. तोवर कोंडू दाराबाहेर पडला होता. राग गेला नव्हता, आणि तो जावा असं त्याला वाटतही नव्हतं. शालनची दहावी अजून पुढं होती, अकरावीचं मॅट्रिक त्याच्याही पुढं.

त्या वर्षी हिरीला नवं लुगडं मिळालं नाही. वाडीतल्या घरावर पत्रा चढायचा होता, तो चढला नाही. कोंडूच्या वर्षभराच्या पगारातून जे काही वाचलं, त्यातून एकच गोष्ट विकत आली: नववीचं दुसरं वर्ष, पूर्ण फी भरून.