मोठ्या मामीचं डोकं

माझ्या मोठ्या मामीने एकदा ‘हो’ म्हटलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही त्याचं ‘नाही’ करता येत नसे, असं आमच्या आजोळी, सेलूला, सगळे मानत. आणि ब्रह्मदेवाचा बाप खरोखरच सेलूला आला असता तर मामीने त्याला आधी जेवू घालून मग हे पटवून दिलं असतं, असं माझं स्वतःचं मत आहे. पन्नास सालानंतरची पाच वर्षं मी शाळेसाठी तिच्याकडे राहिले, त्यामुळे हे ऐकीव नाही. पाहुण्यांना पुरणाची पोळी कबूल केली आणि ऐन वेळी अंगात ताप भरला, तर तिने पाटा बाजेजवळ मागवून घेतला आणि कण्हत कण्हत पुरण वाटलं. पोळ्या नेहमीपेक्षा मऊ झाल्या होत्या.

मामी अंगाने भरभक्कम. एका वर्षी कापूस घालायला मामांबरोबर जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेली आणि सहज काट्यावर उभी राहिली. अडीच मण भरले. काटेवाला बिचारा संकोचून खाली बघू लागला, तर ही म्हणते, “मोठ्यानं सांग ना बाप्पा! सरकी धरून हाय का सरकी काढून?” पण तिचा खरा तोरा केसांचा. गुडघ्यापर्यंत केस. शिकेकाईने धुवायला दोन माणसं लागत, आणि मग ती अंगणात बाजेवर उताणी पडून केस पलीकडे सोडून द्यायची. ते जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली सूप धरायचं काम माझं. अंबाडा एवढा मोठा की डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर यायचा. सासू असताना रोज त्यावरून बोलणी खाल्ली, पण अंबाडा काही लहान केला नाही.

मग मामीच्या पोटात दुखायला लागलं. दोन वर्षं ओवा, हिंग, अंगारा सगळं झालं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जठराला जखमा आहेत, अर्ध्याहून जास्त काढून टाकावं लागेल. मामा तिथल्या बाकावर बसले. मामी म्हणाली, “काढा. पन काढलेलं मले दाखवजा. माहं हाय ते.” डॉक्टरांनी खरंच बाटलीत घालून दाखवलं. मामीने नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, “एवढ्याशासाठी एवढं रडवलं!”

आता दिवसातून सहा वेळा चिमणीसारखं खायचं. पाच महिन्यांत मामी निम्मी झाली. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. हे तिला आवडत नव्हतं असं नाही. ओढ्यावरून उडी मारून दाखवायची. पण पावसाळ्यात एके सकाळी मी विंचरत होते तर फणीबरोबर मूठभर केस आले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. मी ते हळूच परकराच्या ओच्यात लपवू लागले. चौथ्या दिवशी मामीने मागे न बघता हात पुढे केला.

“दे इकडं.”

मी दिले. तिने ते मांडीवर घेतले, बराच वेळ त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “विंचर. काऊन थांबली?”

डॉक्टरांचं म्हणणं असं की शरीराची उपासमार झाली, म्हणून केस गळतात. मुळं जिवंत आहेत, दूध, डाळ, अंडी पोटात गेली की परत येतील. मामीने ते एकदाच ऐकलं आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला. “येनार हायेत,” एवढंच ती सगळ्यांना सांगे. गावाचा मात्र मिटला नव्हता. कोणी कांद्याचा रस आणला, कोणी माक्याचं तेल. मामांनी तर वर्ध्याहून अंबाड्यात घालायचं काळंभोर गंगावन आणलं आणि लाजत तिच्यापुढे ठेवलं. मामीने ते पोळ्याच्या दिवशी धाकट्या बैलाच्या माथ्यावर बांधलं. तोरणाखाली तो बैल असा मान वेळावत उभा राहिला की सगळ्या गावाने त्यालाच पाहिलं. राहिली अंडी. मामा माळकरी, घरात कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं. पण दर आठवड्याला बाजारातून येताना त्यांच्या पिशवीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांखाली सहा अंडी असायची. “कोनं ठेवली कोन जाने,” म्हणत ते पिशवी अंगणातल्या चुलीजवळ ठेवून शेताकडे निघून जात.

थंडी पडली तेव्हा मामीच्या डोक्यावर केसांची बेटं तेवढी उरली होती. तिने न्हाव्याला बोलावलं. तो ओट्यावर बसला, वस्तरा काढला आणि पुन्हा मिटला. “मालक जिते हायेत, बाई. सवाशिणीच्या डोक्याले मी वस्तरा लावत नाई. मले पाप लागन.” मामीने वाद घातला नाही. त्याला चहा पाजला, आणि आतून मामांचा दाढीचा वस्तरा आणून मामांच्याच हातात दिला. मामांनी वस्तरा असा धरला की मला वाटलं कान जाणार. पाऊण तासाने डोकं स्वच्छ झालं, आणि मामांनी आपल्या उपरण्याने ते पुसलं.

संक्रांतीला आंजी गावी नात्यात हळदीकुंकू होतं. “पदर घट्ट घेजो,” मामा गाडीत म्हणाले. मामी म्हणाली, “केस होते तवा पदर ठरत नव्हता. आता काऊन घेऊ?” आणि तशीच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, चाळीस बायकांत जाऊन बसली. यजमानीणबाई नवीन सून होती. ती कुंकू लावत लावत आली, मामीच्या डोक्याकडे पाहून गडबडली आणि पुढच्या बाईकडे सरकली. सगळं माजघर मामीकडे बघू लागलं. मी मामीचा हात धरला. तो गार पडला होता.

“सूनबाई, मी राह्यली,” मामी म्हणाली.

“पन... तुमचे मालक...?”

“बाहेर ओट्यावर बसून तुमच्याच घरच्या शेंगा खाऊन राह्यले. बलावू?”

आणि तिने बोलावलं. धोतरावर टरफलं, गालात दाणे, अशा स्थितीत मामा दारात उभे राहिले. चाळीस बायकांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. काय झालं ते कळल्यावर ते घास गिळून म्हणाले, “मी हाओ जी. जिता हाओ.” हसण्याचा असा लोट उठला की सुनेच्या हातातलं ताट कलंडलं. तिने वाकून मामीला कुंकू लावलं आणि रडायलाच लागली. मामीने तिच्या तोंडात तिळगूळ घातला.

होळीच्या सुमारास तेल लावताना माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. मी ओरडले. मामी म्हणाली, “मंग? म्हनलं नव्हतं मी?” पण त्या दिवशी तिने मला चार वेळा पुन्हा हात लावून बघायला सांगितलं. केस आले ते थोडे कुरळे, करडे. खांद्याच्या खाली मात्र ते कधी उतरले नाहीत.

माझं लग्न ठरलं. सासरी जाण्याआधी मामीला भेटायला गेले, तेव्हा सवयीने फणी घेऊन तिच्या मागे बसले. विंचरता विंचरता ती सहज म्हणाली, “केस गेले तवा तू शाळेत गेली का मी रोज रडत होती. कोठीत, दार लावून.”

“मले काऊन नाई सांगतलं, मामी?”

“सांगतलं असतं त तूबी रडली असती. मंग विंचरलं कोनं असतं?”

बाहेर बैल जुंपून झाले होते, मामा हाका मारत होते. वेणी ती केवढीशी, चार वळणांत संपली. मी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.